ह्यूगो : एका वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी दीड वर्ष वापरल्यानंतरचे परीक्षण

तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ नव्याने बनवण्याचे काम दीड वर्षापूर्वी माझ्याकडे आले. आले म्हणजे, कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ज्याला संगणकातले थोडेफार कळते अशा एकमेव सभासदाच्या गळ्यात ते पडले. वाचनालयाचे जुने संकेतस्थळ एका व्यावसायिकाने डेटाबेसवर चालणाऱ्या प्रणालीत बांधून दिले होते. पुढे त्या प्रणालीकडे कोणी पाहिलेच नाही, आणि एके दिवशी मुखपृष्ठावर वाचनालयाच्या वेळांऐवजी औषधांच्या परदेशी जाहिराती झळकू लागल्या. ते दुरुस्त करण्याचा खर्च ऐकल्यावर मंडळाने संकेतस्थळ बंद केले आणि नवे करायचे ठरवले, मात्र त्यासाठी वार्षिक खर्च डोमेनच्या नोंदणीपुरताच असावा, अशी अट घातली.

या संकेतस्थळावर काय हवे होते, त्याची यादी केली तेव्हा ती फार लहान निघाली : उघडण्याच्या वेळा, वर्गणीचे दर, संस्थेचा इतिहास, व्याख्यानमालेच्या सूचना, नव्या पुस्तकांची नोंद आणि जमल्यास संपूर्ण ग्रंथसूची. यांतील कोणत्याही पानाला वाचक आल्यावर नव्याने जुळणी करण्याची गरज नाही, कारण सकाळी पाहणाऱ्याला आणि रात्री पाहणाऱ्याला एकच मजकूर दिसायचा आहे. अशा कामासाठी स्टॅटिक साइट जनरेटर हे साधन योग्य ठरते, आणि ह्यूगो हे त्यांपैकीच एक. मजकूर साध्या फाइलींत लिहायचा, पानाचे रूप ठरवणारे साचे म्हणजे टेंप्लेट वेगळे ठेवायचे, आणि एक कमांड दिली की दोहोंतून तयार एचटीएमएल पानांचे एक फोल्डर मिळते, ते कोणत्याही सर्व्हरवर ठेवता येते. सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅमच नसल्यामुळे त्यात शिरकाव करण्याची वाटही बरीचशी बंद होते.

या प्रकारच्या साधनांत जेकिल हे जुने आणि मान्यताप्राप्त नाव आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ते २००८ मध्ये रूबी भाषेत लिहिले, आणि ‘गिटहब पेजेस’ या संकेतस्थळे ठेवण्याच्या सेवेने ते अंगीकारल्यामुळे त्याचा प्रसार झाला. मी मात्र ह्यूगो निवडले. स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प गो भाषेत लिहिलेला असून, गेली अनेक वर्षे त्याची मुख्य धुरा ब्योर्न एरिक पेडरसन सांभाळत आहेत. तो अपाची २.० परवान्याखाली मुक्त स्वरूपात मिळतो. कुबरनेटीस या सर्व्हर-व्यवस्थापन प्रणालीचे दस्तऐवजी संकेतस्थळ आणि विनामूल्य सुरक्षा-प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचे संकेतस्थळ ह्यूगोवरच बांधलेले आहे, त्यामुळे साधन हौशी नाही याची खात्री होती. तरी माझे कारण याहून साधे होते. जेकिलसाठी आधी रूबी आणि तिच्या पुरवण्या, इलेव्हंटी या आणखी एका जनरेटरसाठी आधी नोड (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि त्याची हजारो फाइलींची वखार संगणकावर घ्यावी लागते. ह्यूगो ही एकच एक्झिक्युटेबल फाइल आहे. ती उतरवून घ्यावी, योग्य फोल्डरमध्ये ठेवावी, आणि कामाला लागावे. वाचनालयाच्या जुन्या संगणकाचा विचार करता हा फरक निर्णायक होता.

ही फाइल मुख्यतः दोन आवृत्त्यांत मिळते, एक साधी आणि एक विस्तारित. सॅस पद्धतीची (सीएसएसमध्ये रूपांतरित होणारी) शैलीपत्रके वापरणाऱ्या थीम, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार रूपाचे संच, विस्तारित आवृत्ती मागतात, म्हणून पहिल्यापासून तीच घेतलेली बरी. लिनक्स वापरणाऱ्यांनी डेबियन किंवा उबंटूच्या स्वतःच्या भांडारातून ह्यूगो घेतल्यास बऱ्यापैकी जुनी आवृत्ती हाती येते आणि मग नव्या थीमशी तिचे जमत नाही. त्यापेक्षा प्रकल्पाच्या प्रकाशन-पानावरून थेट घ्यावी.

नवे संकेतस्थळ सुरू करण्याची कमांड दिली की रिकाम्या फोल्डरांचा एक सांगाडा तयार होतो : मजकुरासाठी कंटेंट, साच्यांसाठी लेआउट्स, जशाच्या तशा उचलायच्या फाइलींसाठी स्टॅटिक, आणि याखेरीज आणखी काही. सर्व्हर चालू करण्याची दुसरी कमांड दिली की आपल्याच संगणकावर १३१३ क्रमांकाच्या पोर्टवर संकेतस्थळ दिसू लागते, आणि मजकुराची फाइल जतन करताक्षणी ब्राउझरमधील पान आपोआप ताजे होते. वेगाबद्दल ह्यूगोची जी ख्याती आहे ती खरी आहे. आमची दीडशेच्या आसपास पाने एका सेकंदाच्या आत बांधून होतात. परंतु दीडशे पानांच्या संस्थेला या वेगाचे मोल किती, हाही प्रश्न आहे. जेकिलने काही सेकंद घेतले असते, तर आमचे काहीही अडले नसते. ज्यांच्याकडे दहा-वीस हजार पाने आहेत त्यांनी वेगासाठी ह्यूगो घ्यावे. इतरांनी ते दुसऱ्या कारणांसाठी घ्यावे किंवा घेऊ नये.

नवख्या माणसाला पुढचा सल्ला हमखास मिळतो तो तयार थीम घेण्याचा, आणि या परीक्षणात माझा सर्वांत ठाम मतभेद तेथेच आहे. थीम घेतली की पहिल्या तासात देखणे संकेतस्थळ उभे राहते हे खरे आहे. मीही तसेच केले होते. त्यानंतरचे तीन आठवडे मात्र थीमच्या लेखकाने काय गृहीत धरले आहे, याचा शोध घेण्यात गेले. मुखपृष्ठावरचे गोल छायाचित्र कसे काढायचे, ‘पुढे वाचा’ हे शब्द कोठून येतात, दिनांकाची मांडणी कोणत्या फाइलीत आहे, अशा प्रत्येक प्रश्नासाठी चाळीस-पन्नास लहान साच्यांच्या जंगलात फिरावे लागले. त्यातच ह्यूगो स्वतः सतत बदलत असते. २०१३ पासून आजवर त्याच्या आवृत्तीचा क्रमांक शून्याने सुरू होतो, आणि त्या शून्याचा अर्थ प्रकल्प गांभीर्याने घेतो : जुने पर्याय आधी इशारा देऊन आणि काही आवृत्त्यांनंतर काढून टाकले जातात. मांडणीच्या, म्हणजे संकेतस्थळाचे सर्व पर्याय नोंदवण्याच्या, फाइलीचे मूळ नाव कॉन्फिग होते, ते ०.११० पासून ह्यूगो झाले. पानांची विभागणी ठरवणारा पर्याय ०.१२८ मध्ये दुसऱ्या नावाखाली गेला. आणि २०२५ मध्ये आलेल्या ०.१४६ ने तर साच्यांच्या फोल्डरांची रचनाच नव्याने आखली. जुनी रचना समजून घेण्याची सोय त्यात ठेवलेली आहे, तरीही दोन वर्षे दुर्लक्षित राहिलेली थीम नव्या ह्यूगोवर चालेलच, असे कोणी सांगू शकत नाही.

शेवटी मी थीम काढून टाकली आणि साचे स्वतः लिहिले. लागले फक्त चार : सर्व पानांचा समान सांगाडा, एकट्या पानाचा साचा, यादीचा साचा आणि मुखपृष्ठाचा साचा. चारही मिळून दोनशे ओळी भरत नाहीत, आणि त्यातील प्रत्येक ओळ का आहे हे मला ठाऊक आहे. ज्याला एचटीएमएल आणि सीएसएसची जुजबी ओळख आहे, त्याने हाच मार्ग धरावा. ह्यूगोची खरी किंमत तेव्हाच कळते. आवृत्ती बदलल्यावर काही मोडले, तर दोनशे ओळींत शोधायचे असते.

अर्थात साच्यांची भाषा गोड आहे, असे मी म्हणणार नाही. गो भाषेची साचापद्धती ह्यूगोने जशीच्या तशी उचलली आहे. दुहेरी महिरपी कंसांत एक ठिपका आणि त्यापुढे गुणधर्माचे नाव लिहिले की पानाचे शीर्षक, दिनांक किंवा मजकूर तेथे येतो, इतपत सोपे आहे. अडचण त्या ठिपक्याचीच आहे. ठिपका म्हणजे ‘सध्याचा संदर्भ’. पानाच्या साच्यात तो त्या पानाकडे बोट दाखवतो, पण यादीतील पानांवरून फिरणाऱ्या ‘रेंज’च्या आत शिरताच तोच ठिपका यादीतील एकेका पानाकडे बोट दाखवू लागतो. आतून बाहेरच्या पानाचे काही हवे असेल तर ठिपक्याआधी डॉलरचे चिन्ह द्यावे लागते. हे एकदा उमगले की निम्मे त्रास संपतात, पण उमगेपर्यंत माणूस रिकाम्या शीर्षकांकडे पाहत बसतो. तुलना करतानाही ‘अ बरोबर ब’ असे न लिहिता ‘बरोबर अ ब’ असा क्रम ठेवावा लागतो, आणि दोन अटी जोडताना तो अधिकच विचित्र दिसतो. दिनांकाचा नमुना देण्याची रीत तर कोणालाही आपोआप सुचणार नाही अशी आहे : वर्ष, महिना, दिवस यांसाठी अक्षरे वापरण्याऐवजी २ जानेवारी २००६ हा एक ठरावीक दिनांक हव्या त्या मांडणीत लिहून दाखवायचा असतो.

ह्यूगोच्या दस्तऐवजांत सर्व काही आहे, परंतु ते संदर्भग्रंथासारखे आहेत. ज्याला कोणता शब्द शोधायचा हे माहीत आहे, त्यालाच ते पावतात. एकट्या पानाच्या फोल्डरातील फाइलीचे नाव ‘इंडेक्स’ आणि विभागाच्या फोल्डरातील फाइलीचे नाव अधोरेखेने सुरू होणारे ‘_इंडेक्स’ असते, आणि या एका अधोरेखेवर त्या फोल्डरचा सगळा स्वभाव अवलंबून असतो. विभागात चुकून अधोरेखा नसलेली फाइल ठेवली, तर ह्यूगो त्या फोल्डरला एकच पान समजते आणि आतील लेख पाने म्हणून बांधतच नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. आमच्या व्याख्यानमालेचा संपूर्ण विभाग माझ्या अशाच एका चुकीने संध्याकाळभर गायब होता.

मराठी मजकुराच्या बाबतीत ह्यूगो किती उपयोगी पडते, याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण इंग्रजी परीक्षणांत याचा उल्लेख सापडणार नाही. मुख्य गोष्ट चांगली आहे : मजकूर युनिकोडमध्ये असला की देवनागरी कोठेही बिघडत नाही. मांडणीच्या फाइलीत भाषेचा संकेत ‘एमआर’ असा नोंदवावा आणि आपल्या सांगाड्याच्या साच्यात तो एचटीएमएलच्या भाषा-गुणधर्मात उतरवावा. ज्या फाँटांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ स्वतंत्रपणे दिलेले असतात, त्यांत ते रूप भाषा मराठी असल्याचे पानाने सांगितल्यावरच उमटते, नाहीतर हिंदी वळण दिसते. दिनांकासाठी ह्यूगोचा तयार ‘लांब’ नमुना वापरला की महिन्यांची नावे जानेवारी, फेब्रुवारी अशी मराठीत येतात.

काही खोडी मात्र इंग्रजीच्या आहेत. विभागाला स्वतःचे शीर्षक दिले नाही, तर ह्यूगो फोल्डरच्या नावावरून शीर्षक तयार करते, आणि ते करताना इंग्रजी नियमाने त्याचे अनेकवचन करते. रोमन लिपीत ‘लेख’ नावाचे फोल्डर केले, तर पानाच्या माथ्यावर ‘लेख्स’ अवतरते, ‘नाटक’चे ‘नाटक्स’ होते. हे बंद करण्याचा पर्याय मांडणीत आहे आणि मराठी संकेतस्थळाने तो पहिल्याच दिवशी वापरावा. दुसरा एक पर्याय पानाच्या पत्त्यातून स्वरचिन्हे काढून टाकतो. तो युरोपीय भाषांतील अक्षरांवरच्या टिंबारेघांसाठी आहे आणि मुळात बंद असतो. पण कोणाच्या तयार मांडणीतून तो चालू स्थितीत आला, तर आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलंत हेही युनिकोडच्या वर्गवारीत त्याच गटात मोडतात, हे लक्षात ठेवावे. मी तर पानांचे पत्ते रोमन अक्षरांतच ठेवले. देवनागरी पत्ते चालतात, पण व्हॉट्सॲपवर पाठवताना ते टक्केचिन्हांची लांबलचक माळ होऊन जातात आणि सभासदांना ती फसवणुकीची लिंक वाटते. वाचनासाठी लागणारा वेळ ह्यूगो मिनिटाला २१२ शब्द या हिशेबाने काढते. मराठीत विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटलेली असल्यामुळे शब्द कमी आणि लांब असतात. सबब ‘तीन मिनिटांचे वाचन’ असे जे उत्तर येते ते आपल्यासाठी हात राखूनच दिलेले असते.

या सर्व प्रकल्पात मला सर्वाधिक समाधान ग्रंथसूचीने दिले. ग्रंथपालांकडे दाखलनोंद वहीवरून उतरवलेली एक्सेलची फाइल होती : दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, प्रकार. ती युनिकोडमध्ये आहे याची खात्री करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात जतन केली, आणि साच्यातून ती वाचून ह्यूगोने सूचीची पाने तयार केली. काही नोंदी युनिकोडपूर्व काळातील फाँटात टंकलेल्या होत्या, त्या आधी रूपांतरित कराव्या लागल्या आणि त्यात दोन रविवार गेले, पण तो दोष साधनाचा नव्हे. आद्याक्षरानुसार गट करताना शीर्षकातील पहिला युनिकोड वर्ण घेतला की मात्रा आपोआप गळून मूळ व्यंजन उरते, म्हणजे ‘किल्ले’ आणि ‘कोश’ दोन्ही ‘क’खाली येतात. पण ‘क्ष’ हे युनिकोडच्या दृष्टीने ‘क’, हलंत आणि ‘ष’ असे तीन वर्णांचे जोडाक्षर असल्यामुळे ‘क्षितिज’ही ‘क’खाली जाऊन बसते, आणि ‘ज्ञान’ हे ‘ज’खाली. आमच्या ग्रंथपालांना, म्हणजे ज्यांनी तीस वर्षे कार्डांचे खण लावले त्यांना, हे अजिबात मान्य झाले नाही, म्हणून या दोन अक्षरांसाठी साच्यात वेगळी अट घातली. ०.१२६ या आवृत्तीपासून तर विदेच्या (डेटाच्या) प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र पान तयार करण्याचीही सोय आली आहे, म्हणजे एक्सेलमधील प्रत्येक पुस्तकाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. आम्ही ती अद्याप वापरलेली नाही.

सूची आहे तेथे शोध हवाच, आणि ह्यूगोत शोध नाही. पेजफाइंडसारखे वेगळे साधन बांधलेल्या पानांवरून चालवून ब्राउझरमध्येच चालणारा शोध जोडता येतो. आम्ही तूर्त एकाच लांब पानावर ब्राउझरचा शोध वापरण्यास सांगतो, आणि तक्रार आलेली नाही. अभिप्रायाचा तक्ता, सभासद-नोंदणी, पुस्तक राखून ठेवणे, यांपैकी काहीही ह्यूगो करू शकत नाही. ज्यांना हे हवे आहे त्यांनी दुसऱ्या साधनाकडे वळावे. संस्थेचा दूरध्वनी क्रमांक ठळक छापून आम्ही तो प्रश्न सोडवला.

प्रकाशित करण्याच्या टप्प्यावर दोन गोष्टींनी मला दमवले. एक म्हणजे मूळ पत्त्याची नोंद. गिटहब पेजेसवर प्रकल्पाचे पान उपफोल्डरमध्ये असते, आणि मांडणीत तो उपफोल्डरसह पूर्ण पत्ता दिला नाही, तर मजकूर दिसतो पण शैली नाहीशी होते. आपल्या संगणकावर सर्व काही व्यवस्थित असल्यामुळे दोष लवकर ध्यानात येत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. ह्यूगो भविष्यातील दिनांकाचे पान बांधत नाही, आणि कालक्षेत्र सांगितलेले नसल्यास दिनांक जागतिक प्रमाणवेळेनुसार धरते. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. त्यामुळे २६ जानेवारी हा दिनांक घातलेली सूचना त्याच दिवशी पहाटे साडेपाचपूर्वी बांधली, तर ती ‘भविष्यातील’ ठरून वगळली जाते, आणि सकाळी दहाची वेळ घातलेली सूचना दुपारी साडेतीनपर्यंत वगळली जाते. मांडणीत ‘एशिया/कोलकाता’ हे कालक्षेत्र एका ओळीत नोंदवले की प्रश्न मिटतो. पुढील आठवड्याची सूचना आज लिहून ठेवली, तरी त्या दिवशी संकेतस्थळ पुन्हा बांधल्याशिवाय ती दिसणार नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. तसेच मजकुरातून काढून टाकलेले पान ‘पब्लिक’ या तयार फोल्डरातून आपोआप जात नाही. ते फोल्डर अधूनमधून रिकामे करून नव्याने बांधावे, नाहीतर रद्द झालेल्या व्याख्यानाचे निमंत्रण सर्व्हरवर तसेच राहते.

खर्चाच्या बाबतीत मंडळाची अट पूर्ण झाली. गिटहब पेजेस, नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस यांपैकी कोठेही एवढे संकेतस्थळ विनामूल्य ठेवता येते, आणि ह्यूगो चालवण्याची सोय तिन्ही ठिकाणी आहे. वर्षाकाठी आम्ही फक्त डोमेनचे पैसे भरतो.

एक गोष्ट मात्र मला अजून पूर्ण सुटलेली नाही, आणि लहान संस्थांनी ह्यूगो घेण्यापूर्वी तिचा विचार केला पाहिजे. सूचना कोण लिहिणार? ग्रंथपालांना मार्कडाउन, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी सांगण्याची पद्धत, शिकवायला अर्धा तास पुरला. शीर्षकाआधी चौकोनी जाळीचे चिन्ह, ठळक करण्यासाठी दोन तारे, एवढेच त्यांना लागते. परंतु फाइलीच्या माथ्यावरील माहितीचा चौकोन, त्यातील अवतरणचिन्हे, ‘ड्राफ्ट’ या ओळीपुढे राहून गेलेला ‘ट्रू’ हा शब्द आणि त्यामुळे न दिसणारे पान, हे त्यांना उगाचच्या लहरी वाटतात, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. मी त्यांच्यासाठी सूचनेची एक कोरी फाइल करून ठेवली आहे, ज्यात शीर्षक, दिनांक आणि मजकूर भरण्याच्या जागा ठळक दाखवल्या आहेत. त्या ती भरून मला पाठवतात आणि मी संकेतस्थळ बांधतो. त्या स्वतःच्या हाताने प्रकाशित करतील, अशी सोय ब्राउझरमधून चालणारी संपादनसाधने जोडून करता येते, पण तेव्हा पुन्हा एक प्रणाली सांभाळण्याचे काम येते, ज्याला कंटाळून आम्ही येथवर आलो.

सध्या वाचनालयाच्या कपाटात एक पेनड्राइव्ह आहे. त्यावर मजकूर आहे, चार साचे आहेत, आणि ज्या आवृत्तीवर हे सर्व नीट चालते त्या ह्यूगोची फाइलही आहे. नवी आवृत्ती आली म्हणून मी ती बदलत नाही. वर्षातून एकदा, मार्चअखेरच्या हिशेबानंतर, नव्या आवृत्तीवर सर्व पाने बांधून पाहतो, आणि इशारे आले तर त्या दोनशे ओळींत काय बदलायचे ते बदलतो. गेल्या खेपेस दोन ओळी बदलल्या.